सातवा फेडर

पोर्वेनीरच्या रेडिओवर मी निरोप वाचायचो.
सेर्रो नेग्रोच्या खोपीवरच्या आर्नोल्दोसाठी :
मुलगी झाली, आई बरी आहे.
रिओ चिकोवरच्या थोरल्या भावासाठी :
बोट गुरुवारी नाही, शनिवारी.
फोन जिथं पोचत नाही तिथं एवढंच पोचायचं,
आणि त्याच्या जोडीनं, दर सेकंदाला एक,
टक्.

कुंपण सोफानोरचं. विजेचं.
स्टुडिओपासून ट्रान्समीटरच्या खोपटापर्यंत
नव्वद पावलं केबल,
ती त्याच्या तारेला खेटून जायची.
मुलगी टक् झाली, आई
टक् बरी आहे.

मार्चमध्ये जुन्या मिक्सरनं धूर सोडला.
नेलिदा वुकासोविच म्हणाली, विकत आणू नका, मी करते.
तीस वर्षं तिनं खेकड्यांच्या बोटींची रडारं दुरुस्त केली होती,
तिला नाही म्हणायची गावाला सवय नव्हती.

पेटीसाठी खाटकाच्या फ्रीजरचं दार कापलं.
सांतियागोहून फेडर आले ते चुकीचे :
पहिल्या बोटभर वाटेतच सगळा आवाज अंगावर,
पुढं नुसतं सरकवत राहा, काही घडत नाही.
असे लोक असतात, ती म्हणाली,
आणि खोकं परत पाठवलं.
दुसरे यायला सहा आठवडे. वाऱ्यामुळं बोटच सुटेना.

तेवढ्यात ती रेझिस्टर मोजत बसली.
दोनशे होते, सगळे दहा हजार ओमचे म्हणे,
दहा हजारांचा एकही नव्हता.
कुणी तेरानं कमी, कुणी नवानं जास्त.
अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडून
ती रात्र रात्र पत्रिका जुळवायची.
छत्तीस गुण जमले तरी बोटाची ऊब लागली
की शेवटचा आकडा रुसायचा.

मी विचारलं, एवढं कशासाठी?
तिनं डाग देता देता सांगितलं,
राळेचा धूर डोळ्यांत, मान न वळवता :
एकच बोलणं दोन तारांवरून धाडायचं,
एकीवर सुलटं, एकीवर उलटं.
दोघींना एकमेकींभोवती पीळ द्यायचा.
वाटेत जे लागेल ते दोघींनाही सारखंच लागतं.
पलीकडे एकीतून दुसरी वजा करायची.
बोलणं दुप्पट होतं.
लागलेलं जातं. हातचा एकही उरत नाही.
फक्त वजा करणारे चौघे
तंतोतंत प्रामाणिक हवेत.

ऑगस्टात, गुडघाभर बर्फात, सुरू केला.
सहा फेडर, लोण्यात सुरी जावी तसे.
पहिला निरोप वाचला आणि थांबलो :
दोन शब्दांच्या मध्ये काहीच नव्हतं.
माझा श्वास मला परक्यासारखा ऐकू आला.
नेलिदानं हातमोजे घातले आणि घरी गेली,
कौतुक ऐकायला थांबली नाही.

तिसऱ्या सकाळी दारात सोफानोर. हातात पक्कड,
भुवयांवर बर्फ.
दोन रात्री तार तपासतोय, म्हणाला,
खांब न् खांब चाचपला. हात लावला की झटका बसतो.
मग टक् कुठं गेलं?

अकरा वर्षं तो उशाशी रेडिओ घेऊन झोपायचा.
निरोपांशी त्याला देणंघेणं नव्हतं,
त्याला कोण निरोप धाडणार?
टक् आहे म्हणजे मेंढ्या आत आहेत,
एवढं ऐकलं की डोळा लागायचा.

मला हसू आलं. नेलिदाला नाही.
पेटीत एक खाच तिनं रिकामी ठेवली होती,
कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं.
एक उघडी तार, एकटीच, पीळ नाही, जोडीदारीण नाही,
कुंपणाच्या कडेनं ओढून
तिनं सातव्या फेडरला जोडली
आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं : सोफानोर.

आता शेवटचा निरोप वाचून झाला
की मी बाकीचे सहा खाली घेतो
आणि सातवा एका बोटानं वर.
एक मिनिट. साठ वेळा.

परवा सेर्रो नेग्रोहून उलट निरोप आला :
ते शेवटचं मिनिट थोडं वाढवता येईल का.
त्यांच्याकडे कुंपण नाहीच.